एकच फाईल चौघांना पाठवली आणि मग चुका कळल्या: नोंदी पाठवण्याआधी तुम्ही काय काय तपासता?

माळटिटवी (सोमवार, रात्री 9:50)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण मला खरंच मदत हवी आहे.

आमचा सोलापूरचा दहा-बारा जणांचा गट आहे. गेली अकरा वर्षं आम्ही कंबर तलाव, हिप्परगा, नान्नजचा माळ आणि शहराभोवतीच्या गायरानांवर पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. लांडगा, खोकड, काळवीट, साप दिसले तर त्यांच्याही. आधी वह्या होत्या, मग एक्सेल आलं, आणि वह्यांमधलं जसं जमेल तसं एक्सेलमध्ये उतरवत गेलो. आज त्या फाईलमध्ये चौदा हजारांच्या वर ओळी आहेत.

गेल्या वर्षी एकदम चार ठिकाणी ती द्यायची वेळ आली. एका वन कार्यालयाने मागितली. एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हवी होती. एका गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोकजैवविविधता नोंदवहीसाठी हवी होती. आणि आमच्यातल्याच एकाचा आग्रह होता की सगळं जीबिफवर (जगभरच्या जीवजातींच्या नोंदींचा खुला साठा) टाकावं, म्हणजे जगात कुणालाही वापरता येईल. मी फाईल वरवर चाळली, शुद्धलेखन सुधारलं आणि चौघांनाही तीच पाठवून दिली.

आठ दिवसांत विद्यार्थिनीचा फोन. "ताई, चातक डिसेंबरमध्ये कसा?" आमच्याकडे चातक पावसाच्या तोंडावर येतो आणि पाऊस ओसरला की जातो, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. फाईलमध्ये मात्र डिसेंबरच्या सहा नोंदी. मग तिने सगळे ठिपके नकाशावर टाकून दाखवले. दोनशेच्या वर ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिण टोकाशी, समुद्रात. आमचे टिटवी, साळुंकी, वेडे राघू सगळे तिथे.

हे निस्तरता येण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं. फाईलमध्ये लांडग्याच्या बिळाची नोंद होती, पिल्लांसकट, अचूक अक्षांश-रेखांशासह. थंडीत तिथे कॅमेरे घेऊन माणसं पोचली. दोन दिवस गाड्या उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी बीळ रिकामं. लांडगीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते हे मला माहीत आहे, ती जगली असतील असं मी धरून चालते. पण जागा कुणाकडून बाहेर गेली हे मी शोधत बसले नाही. पाठवणारी मीच होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. नोंद बरोबर आहे का, हा एक. आणि ती ज्याच्या हातात जाणार आहे त्याला ती त्या स्वरूपात द्यावी का, हा दुसरा. मी पहिला अर्धवट विचारला आणि दुसरा विचारलाच नाही.

तुम्ही कसं करता? कुणाची ठरलेली पद्धत आहे का?


जुनी_वही (सोमवार, रात्री 10:35)

ताई, चातकाचं सांगतो. तारीख आणि महिना उलटा झालाय. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर 12/06/2019 हे तो 6 डिसेंबर म्हणून वाचतो. 25/06/2019 मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ते तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो. म्हणून रकाना रुंद करून बघा: काही तारखा उजवीकडे टेकलेल्या दिसतील, काही डावीकडे. डावीकडच्या 13 ते 31 मधल्या, म्हणजे तुम्ही लिहिल्या तशाच शिल्लक आहेत. उजवीकडच्या 1 ते 12 मधल्या, आणि त्याच उलट्या झाल्या असण्याची भीती. सगळ्या फाईलमध्ये एकदम उलटवू नका. ज्या ज्या संगणकावर टंकलं गेलं त्याप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे असतील.

दुसरी खूण. एका दिवशी एका ठिकाणची चाळीस पक्ष्यांची यादी असते. पहिल्या ओळीत तारीख घालून कुणी ती माऊसने खाली ओढली की एक्सेल दर ओळीला एक दिवस वाढवतं. एका सकाळची यादी चाळीस दिवसांवर पसरते. प्रत्येक तारीख खरी दिसते, म्हणून नजरेला काही खटकत नाही. दर ओळीला बरोबर एक दिवस पुढे जाणाऱ्या लांब रांगा शोधा.

संख्येच्या रकान्यात "5-10" असं लिहिलेलं असेल तर त्याची 5 ऑक्टोबर किंवा 10 मे झालेली असेल. आणि तारखेच्या जागी 43628 असा आकडा दिसला तर घाबरू नका, ती 12 जून 2019 आहे, फक्त रकान्याची मांडणी बिघडली आहे. जुन्या मॅकवर केलेली फाईल जोडली असेल तर त्यातल्या तारखा बरोबर चार वर्षं आणि एक दिवसाने सरकू शकतात. मोजणीचा आरंभ 1900 ऐवजी 1904 पासून असतो, म्हणून.

माझी नोकरी बँकेत गेली, 31 वर्षं. तिथली एक सवय मी पक्ष्यांच्या वहीतही पाळतो: ताळा. मूळ फाईलमध्ये इतक्या ओळी. त्यातल्या इतक्या रोखल्या, इतक्या पाठवल्या. बेरीज जुळली पाहिजे. प्रत्येकाला पाठवताना हे तीन आकडे आणि तारीख मी वहीत लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की "अमुक नोंद मला का नाही मिळाली", तर उत्तर असतं.


सुगरण_22 (सोमवार, रात्री 10:52)

मग संशयास्पद नोंदी सरळ काढून टाकायच्या का? आमच्या गटात तसंच करतात. "शंका आली की उडवा."


माळटिटवी (सोमवार, रात्री 11:05)

नको. मीही तेच करायला निघाले होते. मग लक्षात आलं की वेगळं काही दिसलं तर तेही शंकास्पदच दिसणार. शंका आलेलं सगळं उडवलं तर आपल्याला आधीच माहीत आहे तेवढंच फाईलमध्ये उरेल.


सातपुड्याकाठी (मंगळवार, सकाळी 7:20)

धाग्याचं नाव वाचून थांबलो, कारण आमच्या शहाद्याची गोष्ट याच विषयाची आहे.

रानपिंगळा म्हणजे एक छोटं घुबड. त्याचं शास्त्रीय वर्णन ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकाने 1873 मध्ये केलं. त्यानंतर मोजून सात नमुने गोळा झाले, शेवटचा 1884 मध्ये. पुढे पक्षी कुणाला सापडेना. पण एक नोंद अशी होती की 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने तो मिळवला. नाव मोठं, नमुना संग्रहालयात ठेवलेला, चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख व्यवस्थित. नंतरच्या शोधात लोक त्या नोंदीवर विसंबले आणि चुकीच्या जागी शोधत राहिले.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने पूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांपैकीच एक आहे. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती एक नोंद बाजूला केली आणि उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट शोधायला निघाले. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला दिसला. 113 वर्षांनी.

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गावाला त्याचं काही सांगितलं नव्हतं कुणी, पुढे कॉलेजात वाचलं. तेव्हापासून कुठलीही नोंद हातात आली की मी आधी विचारतो: हे कुणी पाहिलं, कुठे लिहिलं, आणि आपल्यापर्यंत किती हातांतून आलं? तारीख-ठिकाण-नाव सगळे रकाने भरलेले असणं म्हणजे नोंद खरी असणं नव्हे. मांडवीच्या चिठ्ठीवर सगळे रकाने भरलेले होते.

आणि ताईंचं उत्तर बरोबर आहे, उडवू नका. तो खोटा नमुना कुणी फेकून दिला असता तर खोटेपणा कधी सिद्धच झाला नसता.


नकाशाघर (मंगळवार, सकाळी 9:15)

स्वालबार्डचं कारण उघड आहे, अक्षांश आणि रेखांश अदलाबदल झालेत. सोलापूर साधारण 17.66 उत्तर, 75.91 पूर्व. उलटं लिहिलं की 75.91 उत्तर, 17.66 पूर्व, म्हणजे थेट आर्क्टिक. ही चूक चांगली, कारण लगेच दिसते. महाराष्ट्राच्या चौकटीबाहेरचं सगळं वेगळं काढलं की झालं. तसंच 0, 0 असलेले ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसतील, ते म्हणजे रिकामे रकाने.

खरी घातक चूक दुसरी आहे. जुन्या जीपीएस यंत्रावर किंवा नकाशावर 17 अंश 40 मिनिटं, 75 अंश 54 मिनिटं असं असतं. टंकणारा ते 17.40, 75.54 असं लिहितो. एका अंशाची मिनिटं 60, म्हणून दशांशात ते 17.667, 75.90 व्हायला हवं होतं. फरक बघा: दक्षिणेला 30 किलोमीटर, पश्चिमेला 38, म्हणजे सरळ रेषेत जवळपास 48 किलोमीटर. कंबर तलावावरची बदकं मंगळवेढ्याकडे जाऊन बसतात. आणि तरी ठिपका सोलापूर जिल्ह्याच्या आतच! जिल्ह्याची चाळणी लावून हे पकडता येत नाही.

पकडायची युक्ती सांगतो. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे एका रकान्यात वेगळे काढा आणि त्यांचा आलेख करा. खरे दशांश असतील तर 00 ते 99 सगळीकडे थोडे थोडे पसरतील. मिनिटं असतील तर 59 नंतर एकदम शुकशुकाट. मोठी फाईल असेल, ठिकाणं पुष्कळ असतील तरच चालतं हे, पण चालतं तेव्हा झटक्यात चालतं. एकाच तलावाच्या शंभर नोंदींवर करू नका.

गावाचं नाव आणि ठिपका एकमेकांशी जुळतात का हेही बघा. नाव हिप्परग्याचं आणि ठिपका बार्शीत, तर दोन्हीपैकी एक चुकलंय. कुठलं, ते वहीच सांगेल.

आणि दशांशाच्या पुढे किती आकडे ठेवायचे यावरही बोलायला हवं. चार आकडे म्हणजे साधारण 11 मीटर. दोन आकडे म्हणजे एक किलोमीटरच्या आसपास. वहीत "नान्नजच्या माळावर" एवढंच लिहिलेलं असताना कुणीतरी गूगल नकाशावर बोट ठेवून आठ आकडी रेखांश उचलतो. वाचणाऱ्याला वाटतं की यंत्र हातात धरून उभे होते. म्हणून "हे ठिकाण किती मीटरपर्यंत चुकू शकतं" असा वेगळा रकाना हवाच. डार्विन कोअरमध्ये (अशा नोंदींच्या रकान्यांची जगभर वापरली जाणारी ठरलेली मांडणी) तो आहे, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात रिकामा असतो. माळावरच्या नोंदीला 3000 मीटर लिहा, लाज वाटायचं कारण नाही.


बीट_आणि_कक्ष (मंगळवार, दुपारी 1:40)

मी वनरक्षक आहे, कुठला ते सांगत नाही. ताई, राग मानू नका, पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फायली आम्हाला वापरता येत नाहीत. चुकीच्या असतात म्हणून नाही. आमच्या कामाच्या भाषेत नसतात म्हणून.

आमचं सगळं परिक्षेत्र, परिमंडळ, बीट, कक्ष क्रमांक यांवर, म्हणजे वनाच्या मोठ्याकडून लहान होत जाणाऱ्या भागांवर चालतं. मला "17.7312" दिलंत तर मी तो आकडा घेऊन कुठे जाऊ? कक्ष क्रमांक द्या, नाहीतर खासगी शेत असेल तर गाव आणि गट क्रमांक द्या. नावं मराठीत द्या, शास्त्रीय नाव शेजारी असू दे. आणि कार्य आयोजनेसाठी, म्हणजे वनाच्या कामांच्या आराखड्यासाठी, मागितलं असेल तर कुठल्या वर्षांचं हवं ते आधी विचारा. अकरा वर्षांचं सगळं एकत्र दिलं की कालचं आणि दहा वर्षांपूर्वीचं एकाच पानावर येतं.

बिळाचं वाचून वाईट वाटलं. एक मनापासून सांगतो. बीळ, घरटं, फासे, विषप्रयोग, हे फाईलमध्ये वर्षाच्या शेवटी देऊ नका. त्याच संध्याकाळी फोन करा. आम्हाला गस्त वळवता येते. तीन महिन्यांनी आलेली बिनचूक नोंद आमच्या उपयोगाची नसते, आणि तोवर ती भलत्याच्या हातात गेलेली असते.


मोकळं_आकाश (मंगळवार, दुपारी 3:05)

मी थोडा वेगळा सूर लावतो. लपवण्याची सवय लागली की ती थांबत नाही. आधी घरटी, मग दुर्मीळ पक्षी, मग "आमचा माळ". देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सचा 2023 चा अहवाल घ्या: 30 हजारांवर पक्षीनिरीक्षक, तीन कोटी नोंदी, 942 जाती. लोकांनी मोकळेपणाने दिलं म्हणून ते झालं. माळरानं सरकारी कागदावर पडीक ठरतात, कारण तिथे काय राहतं ते कुणी जाहीर मांडलेलं नसतं. प्रकल्पाची जागा ठरवणाऱ्यांना नकाशावर काही दिसलंच नाही तर ते म्हणणार की इथे काही नाही. तेव्हा लपवलेला लांडगा वाचतो कसा, ते मला समजावून सांगा.


माळटिटवी (मंगळवार, दुपारी 4:20)

हा मुद्दा मला मान्य आहे आणि म्हणूनच मी "देऊ नका" म्हणत नाहीये. लांडगा या माळावर आहे, पिल्लं होतात, हे जगाला कळलंच पाहिजे. कुठल्या ओघळाच्या कुठल्या काठाला, हे नाही. दहा किंवा वीस किलोमीटरच्या चौकोनात टाकलं तरी प्रकल्पवाल्याला "इथे काही नाही" म्हणता येत नाही, आणि कॅमेरेवाल्याला गाडी कुठे लावायची ते कळत नाही. अचूक जागा हवी ती वन विभागाला, आणि ती त्याच दिवशी, वर दादांनी सांगितलं तशी.


सातपुड्याकाठी (मंगळवार, दुपारी 4:45)

मांडूळ, खवल्या मांजर, कासव यांच्या बाबतीत तर चर्चाच नको. मांडुळाचा बाजार महाराष्ट्रात किती आहे ते रोजच्या पेपरात दिसतं. वनस्पतींचंही तसंच. कंदीलपुष्पांच्या काही जाती इतक्या थोड्या कड्यांवर उरल्या आहेत की जागा छापणं म्हणजे कंद उपटायला बोलावणं. चीनमध्ये एका पालीचं असंच झालं: वर्णन छापलं, ठिकाण छापलं, आणि गोळा करणाऱ्यांनी तिथली सगळी उचलली.


नकाशाघर (मंगळवार, सायंकाळी 6:10)

जागा धूसर करणार असाल तर दोन-तीन गोष्टी जपा, नाहीतर केल्यासारखं दिसतं आणि होत नाही.

बरेच जण दर वेळी खऱ्या ठिपक्याला एक यादृच्छिक धक्का देतात. एकाच बिळाच्या वीस नोंदी वीस दिशांना सरकवल्या की त्यांचा मध्य काढला तर बीळ परत सापडतं. त्यापेक्षा ठरलेला चौकोन घ्या आणि त्या चौकोनातलं सगळं त्याच एका बिंदूला लावा. आयनॅचरलिस्टवर (फोटोसह निसर्गनोंदी टाकायचं संकेतस्थळ) जागा झाकली की ठिपका 0.2 अंशाच्या, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसतो. तो आकार आपल्यालाही पुरेसा आहे. आणि तसं केल्याचं वेगळ्या रकान्यात लिहा. नाहीतर कुणीतरी तोच धूसर बिंदू खरा धरून लांडग्याचा अधिवास अभ्यासेल.

अक्षांश झाकले आणि शेरा तसाच ठेवला, "देवळामागच्या वडाखालून ओढ्याकडे उतरताना डावीकडे", तर काय झाकलं? शेरे एकेक करून वाचावेच लागतात, याला दुसरा मार्ग नाही.

आणि फोटो! मोबाईलच्या मूळ फोटोत जागा साठवलेली असते. फाईल झाकली आणि सोबत फोटोंचं फोल्डर पाठवलं तर सगळं उघडंच.


सुगरण_22 (मंगळवार, सायंकाळी 6:25)

बाप रे, फोटोंचं मला माहीतच नव्हतं. आत्ताच जाऊन बघते.


ऱ_आणि_र्‍ (मंगळवार, रात्री 8:30)

मी मराठी मजकुराच्या तपासणीचं काम करते, म्हणून त्यातलंच सांगते. ठिकाणांच्या रकान्यात किती वेगवेगळी नावं आहेत ते मोजा. मग ती यादी वर-खाली वर्णानुक्रमे लावून डोळ्याने बघा. आमच्याकडे एका फाईलमध्ये कऱ्हाड तीन वेळा आलं होतं. एक "कराड", आणि दोन "कऱ्हाड", जे डोळ्याला तंतोतंत सारखे. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर टंकलं होतं, दुसऱ्यात र ला अदृश्य जोडचिन्ह लावलं होतं. संगणकाला ती दोन गावं. ॲ आणि अॅ चंही तेच. या धाग्यातच कुणीतरी दुसऱ्या पद्धतीचा लिहिलाय बघा.

ताई, तुमच्या गावातच एक नमुना आहे: कंबर तलाव आणि संभाजी तलाव. एकच पाणी, दोन नावं. भोरडी आणि पळसमैना, तेही एकच. सगळं एका नावावर आणा, पण मूळ जे लिहिलं होतं ते शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं राहू द्या. गावच्या नोंदवहीला नेमकं तेच हवं असतं, लोक काय म्हणतात ते. जीबिफला शास्त्रीय नाव हवं. दोघांना एकाच रकान्यावर भागवायला गेलात की एकाचं नुकसान होतं.

जिल्ह्यांचंही बघा. जव्हारची 2012 ची नोंद ठाणे जिल्ह्यात आहे आणि 2016 ची पालघरमध्ये, कारण पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर यांची जुनी नावं असलेल्या ओळीही असतील. जुनं खोडू नका, आजचं नाव वेगळं द्या.

जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकल्या असतील तर त्या दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हं दिसतील. आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर निदान शे-दोनशे ओळी मूळाशी ताडून बघा, जोडाक्षरं हमखास फुटतात. सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) पाठवताना ती यूटीएफ-8 या युनिकोड पद्धतीतच साठवा. पाठवण्याआधी ती स्वतः दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.


प्रबंध_चालू (मंगळवार, रात्री 9:40)

मी माळटिटवी ताईंकडून डेटा घेणारी ती विद्यार्थिनी नाही, पण तिच्या जागी आहे. आम्हाला दुर्मीळ नोंदींपेक्षा कंटाळवाणी माहिती जास्त लागते. किती वाजता सुरू केलं, किती वाजता संपवलं, किती चाललात, किती जण होतात, दिसलेलं *सगळं* लिहिलं की फक्त विशेष तेवढंच. हे नसेल तर "2015 मध्ये टिटव्या 40, 2022 मध्ये 90" याचा अर्थ टिटव्या वाढल्या की माणसं वाढली, ते सांगता येत नाही.

रिकामा रकाना, शून्य आणि "दिसला पण मोजला नाही" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कृपया तिन्हीला रिकामं ठेवू नका. "बरेच", "थवा", "50+" हेही तसंच ठेवा, मनाने आकडा घालू नका. भोरड्यांचा संध्याकाळचा थवा कुणी 2000 म्हणतो, कुणी 10000. मी "थवा" वाचलं तर मला माझी मर्यादा कळते.

आणि हात जोडून: आम्हाला गाळलेली फाईल देऊ नका. शंका असलेल्या ओळी शंका लिहून द्या. काय ठेवायचं ते आम्हाला ठरवू द्या, आणि ठरवल्याचं कारण आम्ही प्रबंधात लिहू. धूसर केलेल्या जागांसाठी हवं तर लेखी हमी घ्या.


बीट_आणि_कक्ष (मंगळवार, रात्री 10:05)

एक राहिलं. फाईलमध्ये निरीक्षकांचे मोबाईल नंबर असतात. एकदा आमच्याकडे आलेल्या फाईलमध्ये तर रकाना लपवलेला होता, उजवी कळ दाबली की उघडला. माणसांची नावं द्यायची तर त्यांना विचारून द्या. गावातल्या माणसाने कुणाचे फासे पाहिल्याची नोंद दिली असेल तर त्याचं नाव बाहेर जाणं त्याला महागात पडतं.


माळटिटवी (शनिवार, रात्री 9:30)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस यावरच बसले होते.

काय केलं ते लिहिते. मूळ फाईलला हात लावायचा नाही असं ठरवलं, तिची प्रत काढून त्यावर काम केलं. प्रत्येक ओळीला एक कायमचा क्रमांक दिला. वह्यांमधल्या नोंदींपुढे वही आणि पान. तपासणीसाठी तीन रकाने जोडले: काय खटकलं, कुणाला विचारलं, काय ठरलं. स्वालबार्डचे ठिपके एका तासात घरी आले. मिनिटांचा आलेख काढला आणि नकाशाघर म्हणाले तसंच झालं, 2014 ते 2016 च्या गठ्ठ्यात 59 च्या पुढे काहीच नाही. त्या काळात आमच्याकडे एक जुनं जीपीएस यंत्र होतं. 611 ओळी. त्या मी आपोआप बदलल्या नाहीत, ठिकाणाच्या नावाशी जुळवून एकेक बदलल्या. 23 उरल्या आहेत ज्यांचं नाव आणि ठिपका दोन्ही पटत नाहीत, त्या तशाच, शेऱ्यासकट.

मग चार वेगळ्या फायली. वन कार्यालयासाठी बीट आणि कक्षानुसार, शेवटच्या तीन वर्षांची, अचूक जागांसह, आणि बिळांसाठी फोन नंबर कुणाचा ते ठरवून घेतलं. विद्यार्थिनीला सगळं, शंकांसकट, मोजणीच्या वेळांसह. पहिली पाच वर्षं आम्ही वेळा लिहिल्याच नव्हत्या, ते तिला स्पष्ट कळवलं. गावच्या समितीला फक्त त्यांच्या शिवारातलं, लोकांच्या तोंडच्या नावांनी. औषधी उपयोगाचे जे शेरे दोन आजींनी सांगितले होते ते समितीच्या फाईलमध्येच ठेवले, बाकी तिन्हींतून काढले, कारण ती माहिती त्या गावाची आहे. जीबिफसाठीची फाईल अजून गेलेली नाही. त्यांच्या तपासणी साधनातून ती दोनदा घालून बघितली. रकाने आणि तारखांच्या चुका ते दाखवतं, पण लांडग्याचं बीळ उघडं पडतंय हे ते सांगत नाही. ते आम्हीच वाचून काढतोय, शेऱ्यांचा रकाना दोघींनी मिळून. चौदा हजारांपैकी नऊ हजार झाले.

जुनी_वही काका, चौघांचा ताळा जुळला. पहिल्यांदा सतरा ओळींचा फरक येत होता, त्या दोनदा टंकलेल्या निघाल्या.

आणि चातक. सहापैकी पाच नोंदी तुम्ही सांगितल्यासारख्या उलट्या झालेल्या होत्या, जूनच्या आणि जुलैच्या. सहावी वहीत खरंच डिसेंबरची आहे. आमच्या गटातल्या एका काकांच्या हातची, महिना अक्षरांत लिहिलेला: "डिसेंबर, हिप्परगा, बाभळीवर एकटा, पंखांवर पांढरा ठिपका, पोट मळकट." फोटो नाही. मी फोन केला तर म्हणाले, "पोर, तेव्हाही मला तूच ओरडली होतीस, पाहिला म्हणून लिहिला." मला आठवत नाही. मळकट पोट म्हणजे त्याच वर्षीचं पिल्लू, मागे राहिलेलं, असं असू शकतं. विद्यार्थिनीला ती नोंद शेऱ्यासकट दिली आहे. जीबिफच्या फाईलमध्ये घालायची की नाही, ते उद्या सकाळी काका वही घेऊन येणार आहेत तेव्हा ठरवू. सोलापूर-धाराशिव-लातूर भागात कुणी डिसेंबरमध्ये चातक पाहिला असेल, पिल्लू किंवा मोठा, तर कृपया इथे लिहा. वर्ष आणि ठिकाण पुरे, आणि वहीचं पान असेल तर त्याचा फोटो.